कूड आणि कुडी

कूड विणणाऱ्या माणसाजवळ बराच वेळ बसलं, की त्याचा हात आणि त्याचा डोळा दोन निराळ्या ठिकाणी कामाला लागलेले आहेत हे हळूहळू ध्यानात येतं. हात समोरच्या कारवीच्या काठीशी असतो. ती शेजारच्या काठीला नीट भिडली का, आडव्या कामटीच्या एकदा पुढून आणि एकदा मागून गेली का, एवढंच तो पाहतो. डोळा मात्र अजून उभ्या न राहिलेल्या घरावर खिळलेला असतो: इथे दार येणार, इथे चूल, आणि या बाजूने आषाढातला पाऊस झोडपणार, म्हणून इथली वीण दाट हवी. हाताला शेजार कळतो, डोळ्याला घर कळतं, आणि या दोन ज्ञानांच्या मध्ये कुठेतरी भिंत उभी राहते.

मुरबाडहून माळशेजच्या दिशेने निघालं की टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीचा कडा एकाएकी अंगावर येतो. तिथे रस्ता सोडून आत वळलं की पायथ्याला एक ठाकरवाडी लागते, आणि वर्षातून दोन-तीनदा माझं तिथे जाणं असतं. गेल्या वैशाखात त्या वाडीतल्या एका आजींच्या पडवीला नवा कूड घालणं चाललं होतं. मुलगा आणि सून काठ्या ओवत होते, आजी उंबऱ्यापाशी बसून बांबूच्या कामट्या काढत होत्या. कोयता एकदा गाठीवर अडखळला, सटकला आणि डाव्या हाताच्या तर्जनीच्या पेरावर तिरपा उतरला. मी धडपडत उठलो. त्या उठल्या नाहीत. बांधावरचा दगडी पाला नातीने खुडून आणला, तो तळहातावर चोळून त्यांनी रस जखमेत पिळला, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘भरंल ती आपली आपण.’ मग पुन्हा कोयता उचलला.

आपली आपण. परतीच्या एसटीत त्या दोन शब्दांनी माझी पाठ सोडली नाही. कूड आपला आपण भरत नाही. त्याला भोक पडलं तर कोणीतरी काठी आणावी लागते, माती कालवावी लागते. कुडी मात्र भरते. कुडी म्हणजे मुळात कुटी, झोपडी. ‘कुडीत प्राण आहे तोवर’ असं बोलताना आपण शरीराला कुडाच्या घराच्या पंक्तीला बसवत असतो, आणि तसं बसवताना या एका भेदाकडे आपलं लक्ष जात नाही. त्या चिंधीच्या आत, काही तासांतच, जखमेच्या दोन्ही कडांवरच्या त्वचापेशी आपली जागा सोडून रित्या जागेकडे सरकू लागलेल्या असणार. समोरच्या कडेवरून निघालेली पेशी भेटेपर्यंत त्या सरकत राहणार, आणि भेटताच थांबणार. त्यांच्यापैकी एकीलाही बोट म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्यांना डोळा नाही. पेशीजवळ केवळ हात आहे.

शरीरातल्या अशा पेशींच्या संघाला मराठी जीवशास्त्राने ‘ऊती’ हे नाव दिलं, आणि ज्याने कोणी ते दिलं त्याच्या कानाला मी मनोमन नमस्कार करतो. ‘ऊत’ म्हणजे विणलेलं. ओतप्रोत या आपल्या रोजच्या शब्दात तेच ताणेबाणे आहेत. इंग्रजीतला ‘टिश्यू’ ज्या फ्रेंच शब्दातून आला त्याचाही अर्थ विणलेलं असाच, आणि ऊतींच्या शास्त्राचं जे युरोपीय नाव आहे त्याच्या मुळाशी ग्रीकांचा हातमाग आहे. दूरदूरच्या माणसांना देहाकडे पाहताना वस्त्रच आठवावं, हा योगायोग नसावा. पण वस्त्र म्हटलं की विणकर आला, जसा घट म्हटला की कुंभार येतो; कुंभाराला तर आपण प्रजापतीच म्हणत आलो. कर्त्यावाचून कृतीची कल्पना करणं मनाला जड जातं. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक विचारत जाते की हे सर्व कशात ओतप्रोत आहे, आणि ते ज्यात आहे ते पुन्हा कशात. तो प्रसंग वाचताना दरवेळी मला जाणवतं, की कोणी विणलं हे तिने विचारलेलंच नाही. कशात विणलं आहे, एवढाच तिचा धोशा आहे. पेशींच्या बाबतीत विज्ञानाला हा प्रश्न नीट विचारायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आणि तो विचारला गेला तोही वस्त्रातूनच. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातला एक जिवंत स्पंज घेतला आणि त्याचे तुकडे पीठ चाळायच्या बारीक रेशमी कापडातून समुद्राच्याच पाण्यात पिळून काढले. कापडापलीकडे उतरलं ते पेशींचं गढूळ पाणी. त्यात ना आकार उरला, ना आत-बाहेर. एखाद्या वाद्याचा भुगा करून तो तळ्यात टाकावा, तसं. मग त्या पेशी तळाशी सरपटू लागल्या, एकमेकींना भेटू लागल्या, चिकटू लागल्या. पुंजके झाले, पुंजक्यांचे गोळे झाले, आणि काही दिवसांत त्या गोळ्यांत पाण्याचे मार्ग उघडून नवे, जिवंत स्पंज उभे राहिले. पुढे दोन जातींच्या स्पंजांच्या पेशी एकत्र कालवून पाहिल्या गेल्या, तेव्हा कालवलेल्या पेशी पुन्हा निवडल्या गेल्या. ज्या त्या आपल्या जातीकडे गेल्या. मनुष्याने विणलेल्या कापडातून निसर्गाचं विणकाम पिळून काढावं, आणि पलीकडे जाऊन त्याने स्वतःला पुन्हा विणून घ्यावं, यापरती अर्थगर्भ घटना प्रयोगशाळांच्या इतिहासात फार थोडी असेल.

ती घटना आठवली की माझं मन शेजारच्या शहापूर तालुक्याकडे वळतं. तिथलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवतं आहे. पुढे भातसा आलं, इकडे मुरबाडच्या अंगाला बारवी. जिथे धरण येतं तिथे पाण्याखाली जाणाऱ्या गावांची माणसंही अशीच एका चाळणीतून जातात: कोणी या वसाहतीत, कोणी त्या, कोणी लेकीकडे, कोणी कल्याणच्या चाळीत. पुनर्वसित वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना मी पाहिलं आहे, की बुडालेल्या शेताबद्दल ती बोलतात, पण त्याहून अधिक बोलतात ती शेजाराबद्दल. अंगणासमोर कोणाचं अंगण होतं, विहिरीवर कोणाचा पोहरा आधी पडायचा, लग्नात पहिली हळद कोणाच्या हातची. स्पंजाच्या पेशींना आपला शेजार शोधता येतो. माणसांना भूखंडाचा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक लावणाऱ्याला शेजार दिसत नाही. ही तुलना ताणू नये हे मला कळतं, तरी ती मनातून जात नाही.

पेशींना शेजार कसा कळतो? १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी बेडकाच्या जातीतल्या जिवांचे कोवळे गर्भ घेऊन त्यांच्या पेशी सुट्या केल्या. त्वचा होऊ घातलेल्या आणि मज्जासंस्था होऊ घातलेल्या पेशी त्यांनी एकत्र मिसळल्या, आणि त्या पेशींनी आपापला थर पुन्हा धरला; त्वचेच्या पेशी बाहेर आल्या, मज्जेच्या आत गेल्या. माल्कम स्टाइनबर्ग यांनी त्याचा जो अर्थ लावला तो स्वयंपाकघरात रोज दिसणारा आहे. आमटी जरा निवली की वर तेलाचे थेंब दिसतात. दोन थेंब जवळ आले की एक होतात, मोठा आणखी मोठा होतो. तेलाला कोणी सांगितलेलं नसतं. पाण्याचं पाण्याला धरणं तेलाला धरण्याहून घट्ट असतं, एवढंच. पेशींचंही तसंच. ज्यांची एकमेकींवरची पकड अधिक घट्ट त्या आत ओढल्या जातात, सैल पकडीच्या त्यांना वेढून बाहेर राहतात. ही पकड कशाची, याचं उत्तर जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांना सापडलं. पेशीच्या पृष्ठावर उभी असलेली ती प्रथिनं, कॅडहेरिनं, कॅल्शियम असेल तेव्हाच शेजाऱ्याच्या हातात हात देतात, आणि बहुधा आपल्यासारख्याच हाताला धरतात. कॅल्शियम काढून घ्या, पकड सुटते आणि ऊतीची वीण उसवते. पुढच्या संशोधकांनी यात पेशीच्या स्वतःच्या अंगातला ताणही मिळवला आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. पण मुळातली गोष्ट तीच राहिली. ज्याला आपण आकार म्हणतो तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता. तो असंख्य हातांच्या धरण्या-सोडण्यातून, काळाच्या ओघात, घडत गेला.

आजींच्या घरी त्याच दिवसांत एक खुडूक कोंबडी डालग्यात अंड्यांवर बसवलेली होती. पाचव्या दिवशी त्यांच्या नातीने त्यातलं एक अंडं उचललं, दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात धरलं आणि मला जवळ बोलावलं. कवचाच्या आत लालसर उजेड होता, त्यात कोळ्यासारखा एक काळपट ठिपका आणि त्याच्याभोवती पसरलेल्या तांबड्या शिरांचं जाळं. ठिपका हलला. मी श्वास रोखून धरला होता. कोंबडीने या जाळ्यातली एकही शीर ओढलेली नाही. तिने फक्त ऊब दिली, आणि ती ऊब एकवीस दिवस न सोडण्याचं व्रत घेतलं. याच जाळ्याच्या उगमाकडे पाहण्यात लीला मुल्हेरकर यांनी आयुष्य वेचलं. एडिंबरोत भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याजवळ शिकून त्या परतल्या आणि पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावरच्या संशोधनाची परंपरा त्यांनी रुजवली. अंडं आपल्या गावोगावच्या डालग्यांत होतंच. त्याला खिडकी पाडून आत पाहणारी दृष्टी त्यांच्या पिढीने आणली.

पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत, सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हायड्रावर वर्षानुवर्षं काम केलं. स्वच्छ तळ्यातल्या पाणवनस्पतींना चिकटून राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा हा जीव इतका नम्र, की हाताशी असूनही माणसाच्या नजरेला पडत नाही. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे, त्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी तरुणपणी पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्याची जेलीफिश शोधली होती. ती तोवर फक्त आफ्रिकेत असते असं मानलं जाई, आणि ती हायड्राच्याच गोतावळ्यातली. नावं अशी एकमेकांना धरून येतात तेव्हा मला निष्कारण आनंद होतो. हायड्राचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा पुरा हायड्रा होतो, हे अठराव्या शतकात त्रांब्ले यांनी दाखवलं. १९७२ मध्ये गीरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पेशीन् पेशी सुट्या करून पुन्हा एकत्र आणल्या, तेव्हा त्या आकारहीन गोळ्यातूनही काही दिवसांत शुंडकं फुटली आणि डोकं उगवलं; कधी एकाहून अधिक डोकी उगवली. सगळीकडे सारख्याच असलेल्या गोळ्यात ‘इथे डोकं’ हे कोण ठरवतं? वीस वर्षं आधी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी कागदावर दाखवून ठेवलं होतं, की एकमेकांना चेतवणारी आणि आवरणारी दोन द्रव्यं वेगवेगळ्या गतीने पसरत असतील, तर सपाट सारखेपणातूनही ठिपके आणि पट्टे आपोआप उमटतात. तानशाच्या जंगलातल्या बिबट्याच्या अंगावरची नक्षी अशाच काही न्यायाने उमटत असावी. चेतवणं आणि आवरणं: घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे गणित निराळ्या भाषेत ठाऊक असतं.

हे सारं पाहून झाल्यावर माणसाच्या हाताला शिवशिवी सुटणं अटळ होतं. २०११ मध्ये कोबे इथे योशिकी सासाई यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मूलपेशींचा एक गोळा पोषक द्रवात तरंगत ठेवला होता, आणि त्यातून डोळ्याचा कटोरा, गर्भात जसा वळतो तसा, आपला आपण आत वळला. कोणी तो वळवला नव्हता. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सातोशी तोदा, वेंडेल लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी उंदराच्या अगदी साध्या पेशी घेतल्या आणि त्यांना एकेक ओळीची शिकवण दिली: शेजारी अमुक खूण दिसली, तर तू आपल्या अंगावर अमुक जातीचं कॅडहेरिन उभं कर, आणि तुझी स्वतःची खूण बदल. खूण बदलली की शेजाऱ्याचं वागणं बदलतं, त्याचं बदललं की पुन्हा याचं. एवढ्या संभाषणातून विस्कळीत पेशींच्या त्या जमावाने थरांवर थर असलेले, वेगवेगळ्या रंगांत चमकणारे गोळे रचले. गोळा कापला तर एका दिवसात तो पुन्हा सांधला गेला. गोळ्याचा आराखडा एकाही पेशीला दिलेला नव्हता. त्यांना दिलेला होता तो शेजारधर्म.

या विद्येला संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात, आणि तिची भाषा मला अजून कारखान्याची वाटते: सुटे भाग, परिपथ, आज्ञावली. ही भाषा तिला फार काळ पुरेल असं मला वाटत नाही. मुरबाड-शहापूरचा शेतकरी उन्हाळ्यात राब भाजतो. पालापाचोळा, शेण, डहाळ्या वाफ्यावर पसरून पेटवतो, राखेच्या अंथरुणात बी टाकतो, पावसानंतर उगवलेली रोपं आवणीला उपटून, अंतरांचा अंदाज ठेवून, चिखलात लावतो. या सगळ्या राबण्यात त्याने भाताचा एकही दाणा बनवलेला नसतो. त्याने आरंभ बनवला, अंतर बनवलं, ओल आणि ऊब यांची वेळ साधली. बाकीचं भाताने केलं. सासाई किंवा तोदा यांनी केलं ते या जातीचं आहे. कुंभाराच्या हाताखालून माणूस शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभा राहतो आहे, आणि तिथे त्याला कौशल्याच्या जोडीने धीरही लागणार आहे, जो प्रयोगशाळेत विकत मिळत नाही. भाजलेल्या माणसासाठी त्वचा, थकलेल्या यकृतासाठी आधार, जन्मतः अपुऱ्या राहिलेल्या अवयवाला पूर्णता: या मार्गावरच्या आशा खऱ्या आहेत आणि मी त्या मनापासून धरून आहे.

तरी एक भय आहे, ते लपवत नाही. कर्करोगाच्या कित्येक गाठींत पेशींच्या अंगावरचं कॅडहेरिन कमी होतं, पकड सुटते, आणि सुटलेली पेशी दूरच्या अवयवात जाऊन वस्ती करते. आजाराला नीतीच्या भाषेत बोलणं मला क्रूर वाटतं; त्या पेशीचा काही गुन्हा नसतो, रोग्याचा तर नसतोच. पण जो नियम शरीर विणतो तोच सैल झाला की शरीर उसवतो, हे पाहिल्यावर त्या नियमात बोट घालणाऱ्याचं बोट किती हळुवार असायला हवं, या विचाराने मी पुष्कळ रात्री जागा राहिलो आहे. पेशीला डोळा नाही असं मी वर म्हटलं. आता तो डोळा आपण होऊ पाहतो आहोत: हात तिचा, घराचं चित्र आपलं. त्या चित्रात आपण कोणाचं घर पाहतो आहोत, हे गार्गीच्या चिकाटीने विचारत राहायला हवं.

भाद्रपदात पुन्हा वाडीवर गेलो. कूड आता भिंत झाला होता. कारवीची वीण शेणमातीखाली गेली होती, मातीत भाताचं तूस मिसळलेलं दिसत होतं, आणि अंगणात कोंबडीमागून नऊ पिल्लं हिंडत होती. पश्चिमेच्या कोपऱ्यात झडीने ओंजळभर माती धुऊन नेली होती, आतल्या काठ्या उघड्या पडल्या होत्या. आजी तिथेच घमेलं घेऊन बसल्या होत्या. मी जखमेची चौकशी केली, तेव्हा त्यांनी मातीचं बोट लुगड्याला पुसून माझ्यापुढे धरलं. पेरावर एक फिकट, तिरपी रेघ होती. बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं, की बोटावरच्या वळणदार रेषा त्या रेघेपाशी येऊन किंचित चुकल्या आहेत. इकडची ओळ पलीकडच्या तिच्या ओळीला भेटण्याऐवजी शेजारच्या ओळीला भेटली आहे, आणि तिथून पुढे सगळ्या ओळी तशाच, एकेक घर सरकून, चालू लागल्या आहेत. ‘दुखतं का?’ म्हणून विचारलं. ‘थंडीत वायच,’ म्हणाल्या, आणि घमेल्यातला गोळा उचलून उघड्या पडलेल्या काठ्यांवर त्याच बोटाने दाबत राहिल्या.